तेच गाणं, दुसरा गळा

1. एका प्रश्नात दडलेले दोन प्रश्न

गाजलेलं जुनं गाणं कुणी नव्याने गायलं की ऐकणाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न लागोपाठ उठतात. मूळ गाणं इतकं चांगलं असताना हे पुन्हा गाण्याची गरज काय होती? आणि हे असं कुणाचंही गाणं उचलून गाता येतं का, मूळ गायकाला विचारायला नको का, त्याला काही पैसे मिळतात का? पहिला प्रश्न आवडीनिवडीचा आहे, दुसरा न्यायाचा. बोलण्याच्या ओघात आपण दोन्हींची गल्लत करतो. नवी आवृत्ती आवडली नाही की ती ‘चोरी’ ठरते आणि आवडली की मूळ गायकाची कुणाला आठवण राहत नाही. असं नव्याने गायलेलं गाणं म्हणजे ‘कव्हर’. ते नीट समजून घ्यायचं तर हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात, आणि त्यासाठी मी एकच गाणं घेणार आहे : ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’. पर्सी स्लेज या कृष्णवर्णीय गायकाने ते 1966 मध्ये गायलं आणि सोल संगीतातल्या अभिजात गाण्यांत त्याची गणना झाली. पंचवीस वर्षांनी, 1991 मध्ये, मायकल बोल्टन या गोऱ्या पॉप गायकाने ते पुन्हा गायलं. दोन्ही रेकॉर्ड अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. त्यामुळे इथे यशाचा भेद मध्ये येत नाही आणि बाकीच्या गोष्टी स्वच्छ दिसतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दुसऱ्याकडून घेण्याचे जेवढे मार्ग संगीतात आहेत, त्यांतला कव्हर हा सर्वांत सरळ मार्ग आहे. स्लेजवर अन्याय झाला हे खरं, पण तो बोल्टनने केलेला नाही. तो कुठे झाला हे पाहायचं तर आधी गाणं कसं जन्माला आलं ते पाहायला हवं.

2. वॉर्डबॉय आणि त्याचं गाणं

अलाबामा राज्याच्या उत्तरेला, टेनेसी नदीच्या दोन्ही काठांवर फ्लोरेन्स, शेफिल्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स ही चार लहान गावं एकमेकांना लागून आहेत. 1960 च्या दशकात इथल्या छोट्या स्टुडिओंमधून अमेरिकेतलं काही उत्तम सोल संगीत बाहेर पडलं. सोल म्हणजे काय, हे थोडक्यात असं : कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायली जाणारी गॉस्पेल ही भक्तिगीतं आणि नाचगाण्यांच्या जागी वाजणारं ‘रिदम अँड ब्लूज’ यांच्या मिलाफातून ते तयार झालं. देवाला घातलेली आर्त साद माणसाला घातली गेली, विषय संसारी झाला, पण गळ्यातली आर्तता प्रार्थनेचीच राहिली. पर्सी स्लेज शेफिल्डच्या सरकारी इस्पितळात वॉर्डबॉयचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी ‘एस्क्वायर्स कॉम्बो’ नावाच्या बँडमध्ये गायचा. क्विन आयव्ही हा रेडिओवरचा निवेदक गावात रेकॉर्डचं दुकान चालवत असे. त्याने नुकताच एक स्टुडिओ उभा केला होता. 1966 च्या सुरुवातीला तिथे हे गाणं मुद्रित झालं.

ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम होता, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, गिटारवर मार्लिन ग्रीन. हे तिघेही गोरे, आयव्हीही गोरा आणि गायक काळा. ज्या राज्यात मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सेल्मा गावच्या पुलावर लाठ्या चालून जेमतेम वर्ष झालं होतं, त्याच राज्यातली ही गोष्ट आहे. पुढे ‘गोऱ्याने काळ्याचं गाणं घेतलं’ या आक्षेपाचा विचार करताना ती लागणार आहे.

गाण्याची बांधणी साधी आहे. स्वतंत्र धृपद जवळजवळ नाहीच, कडव्यामागून कडवं येतं. खालचा बेसचा स्वर मात्र सा, नि, ध, प असा एकेक सूर उतरत मध्यमापर्यंत येतो, आणि वरती गायकाचा आवाज चढत राहतो. आधार खाली सरकतोय आणि आवाज वर जातोय, या ताणातच गाण्याचा सगळा भाव आहे. शब्द प्रेमाने आंधळ्या झालेल्या पुरुषाबद्दल आहेत : तो पैसा उधळतो, मित्राला तोडतो, तिच्यातला दोष त्याला दिसत नाही. स्लेज हे शब्द उपदेशासारखे गात नाही. वरच्या सुरांवर त्याचा आवाज किंचित फाटतो, आणि हा माणूस स्वतःचीच कबुली देतोय हे आपल्याला उमगतं. ऑर्गन जवळजवळ चर्चमधल्यासारखा वाजतो, ट्रम्पेटादी वाद्यं उशिरा येतात. ती थोडी बेसूर आहेत. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरने ती पुन्हा वाजवून घ्यायला सांगितली होती, तशी ती वाजवलीही गेली, पण बाजारात गेली ती चुकून जुनीच टेप, अशी हकिकत संगीतक्षेत्रात सांगितली जाते. मे 1966 अखेर ती रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर होती.

3. नकाशा आणि घर

आता न्यायाच्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते : कायद्याच्या नजरेत एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे एका दिवशी एका स्टुडिओत अमुक माणसांनी गाऊन-वाजवून टेपवर उतरवलेला आवाज. घर बांधताना नकाशा आणि प्रत्यक्ष घर वेगळं असतं, तसंच हे आहे. त्याच नकाशावर दुसऱ्या कुणी दुसरं घर बांधलं, तर नकाशा काढणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. पहिलं घर ज्या गवंड्याने जीव ओतून बांधलं, त्याचा दुसऱ्या घराशी व्यवहारात काही संबंध राहत नाही, मग त्याचं काम पाहूनच लोकांना तो नकाशा आवडलेला का असेना.

कव्हर म्हणजे जुन्या नकाशावरचं नवं घर. अमेरिकेत 1909 पासून अशी तरतूद आहे की गाणं एकदा मालकाच्या संमतीने रेकॉर्ड होऊन बाजारात आलं, की पुढे कुणीही ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करू शकतो. रचनाकाराला नकार देता येत नाही, मात्र प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे कायद्याने ठरवलेला दर त्याला द्यावाच लागतो. नव्या गायकाने आपल्या शैलीप्रमाणे वाद्यमेळ बदलावा, पण मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलू नये, अशी अटही आहे. दर 1909 मध्ये प्रतीमागे 2 सेंट ठरला आणि जवळजवळ सत्तर वर्षं तसाच राहिला. 1991 मध्ये तो 5.7 सेंट होता.

हिशेब करून पाहू. 1991 च्या दराने गाण्याच्या 10 लाख प्रती खपल्या असं धरलं, तर 10 लाख गुणिले 5.7 सेंट, म्हणजे 57,000 डॉलर रचनेच्या खात्यात जमा होतात. ते प्रकाशक आणि रचनाकार वाटून घेतात. ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’चे नोंदणीकृत रचनाकार होते कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट, एस्क्वायर्स कॉम्बोमधले स्लेजचे दोन साथीदार. गाण्याची मूळ कल्पना आपली होती आणि श्रेय आपण साथीदारांना देऊन टाकलं, असं स्लेज नंतरच्या काळात सांगत असे. कल्पना कुणाचीही असो, कागदावर त्याचं नाव नव्हतं. म्हणून बोल्टनच्या रेकॉर्डच्या विक्रीतून पर्सी स्लेजच्या वाट्याला आलेली रक्कम होते शून्य.

इथे घाईने कुणाला दोषी ठरवण्याआधी उलट बाजूचं एक उदाहरण पाहावं. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं ओटिस रेडिंगने लिहिलं आणि 1965 मध्ये स्वतः गायलं. 1967 मध्ये अरिथा फ्रँकलिनने ते गायलं आणि असं गायलं की जगाने ते तिचंच मानलं. इथे कव्हर गाणारी मोठी ठरली. तरीही अमेरिकेतल्या रेडिओवर तिचं ‘रिस्पेक्ट’ वाजलं की पैसे मिळाले ते रचनाकार म्हणून रेडिंगला आणि नंतर त्याच्या वारसांना, अरिथाला नाही. कारण अमेरिकेतली नेहमीची रेडिओ केंद्रं गाणं वाजवल्याबद्दल फक्त रचनाकार आणि प्रकाशक यांना पैसे देतात, गायकाला नाही. म्हणजे हा नियम मूळ गायकाच्या विरोधात किंवा कव्हर गाणाऱ्याच्या बाजूने नाही. तो गाणाऱ्या माणसाला, तो पहिला असो की दुसरा, हिशेबातच धरत नाही. स्लेजची अडचण बोल्टनपासून सुरू झालेली नाही. ती 1966 मध्ये त्याची स्वतःची रेकॉर्ड देशभर वाजत होती तेव्हाच सुरू झाली होती.

4. बोल्टनने काय केलं

मायकल बोल्टन 1970 च्या दशकात रॉक गात होता आणि त्यात त्याला फारसं यश आलं नाही. नंतर त्याने दोन वाटा धरल्या : स्वतः प्रेमगीतं लिहिणं आणि जुनी सोल गाणी पुन्हा गाणं. ओटिस रेडिंगचं ‘द डॉक ऑफ द बे’ त्याने गायलं तेव्हा रेडिंगच्या पत्नी झेल्मा यांनी त्याचं उघड कौतुक केलं होतं. 1991 च्या ‘टाइम, लव्ह अँड टेंडरनेस’ या अल्बममध्ये त्याने स्लेजचं गाणं घेतलं. वॉल्टर अफानासिएफ आणि तो स्वतः त्याचे निर्माते होते. नोव्हेंबरात ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी त्याला उत्कृष्ट पॉप गायकाचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं.

दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्या की फरक लगेच कळतो. स्लेजचं गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं, बोल्टनचं चार मिनिटांच्या जवळ जातं. स्लेजच्या मागे मोजकी वाद्यं आहेत, मध्ये मोकळी जागा आहे, त्या जागेत त्याचा आवाज एकटा पडतो. बोल्टनच्या मागे कीबोर्डचा दाट थर आहे, ड्रम मोठे आहेत, मोकळी जागा भरून काढलेली आहे. स्लेजचा आवाज जिथे फाटतो तिथे तो नकळत फाटल्यासारखा वाटतो. बोल्टनच्या आवाजातली खरखर त्याच्या पूर्ण ताब्यात आहे, तो ती हवी तिथे आणतो. बोल्टनच्या तयारीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, त्याच्या आवाजाचा पल्ला मोठा आहे आणि दमही. पण गाण्यातला माणूस असहाय आहे, आणि असहायतेचं गाणं इतक्या सामर्थ्याने गायलं की त्याचा अर्थ बदलतो. स्लेज कबुली देतो, बोल्टन जाहीर करतो. मला स्लेजचं गाणं कितीतरी श्रेष्ठ वाटतं.

मग पुन्हा गाण्याचा उपयोग काय, असा प्रश्न उरतो. उपयोग आहे, आणि तो अशा तुलनेनेच कळतो. गाणं एकाच आवाजात ऐकत राहिलो तर रचना कोणती आणि गायन कोणतं, हे आपल्याला वेगळं करता येत नाही. त्या गाण्याचं सगळं बळ उतरत जाणाऱ्या बेसमध्ये आहे, असं आपण मानत बसू. बोल्टनच्या रेकॉर्डमध्येही ती चाल आहे, शब्दही तेच आहेत, पण परिणाम निराळा आहे. म्हणजे जे हरवलं ते नकाशात नव्हतंच, ते स्लेजच्या गळ्यात आणि त्या दिवशीच्या वादनात होतं. मूळ गायकाचं कर्तृत्व नेमकं किती, हे मोजायला कव्हरइतकं चांगलं साधन नाही. बेट मिडलरने 1979 च्या ‘द रोझ’ या चित्रपटात हेच गाणं गायलं. बाईच्या तोंडून पुरुषाच्या आंधळ्या प्रेमाचं हे वर्णन ऐकताना शब्दांचा कोनच फिरतो. हा पैलूही मूळ रेकॉर्डमध्ये कुणाला दिसला नसता.

5. ‘गोऱ्यांनी काळ्यांचं संगीत लुटलं’

कव्हरवरचा सर्वांत गंभीर आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. 1950 च्या दशकात कृष्णवर्णीय गायकाची नवी रेकॉर्ड गाजू लागली की एखाद्या गोऱ्या गायकाकडून तेच गाणं थोडं सौम्य करून गाऊन घेतलं जाई आणि गोऱ्या श्रोत्यांच्या केंद्रांवर तेच वाजवलं जाई. फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ 1955 चं. त्याच वर्षी पॅट बूनने ते गायलं आणि पहिल्या क्रमांकावर गेला बून. ‘टुटी फ्रुटी’च्या बाबतीत, लिटल रिचर्डची मूळ रेकॉर्ड जिवंत असताना, पॉपच्या यादीत बूनचीच आवृत्ती वर राहिली. ही लूट होती असं म्हणायला मी कचरणार नाही. कारण मूळ रेकॉर्डला स्वतःचा श्रोता मिळण्याआधीच दुसरी रेकॉर्ड तिच्या आणि श्रोत्याच्या मध्ये आणून उभी केली जात होती.

पण बोल्टनचं प्रकरण या रांगेत बसत नाही. स्लेजची रेकॉर्ड पंचवीस वर्षांपूर्वीच सर्वोच्च स्थानी पोहोचलेली होती. 1987 मध्ये जीन्सच्या एका जाहिरातीमुळे ती ब्रिटनमध्ये पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आली होती. बोल्टनने कुणाची वाट अडवली नाही. राहिला शैलीचा मुद्दा : सोल हा कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून आलेला आवाज, गोऱ्याने तो का उचलावा? इथे शेफिल्डच्या स्टुडिओतले ओल्डहॅम, हॉकिन्स, ग्रीन आठवावेत. ज्या रेकॉर्डला आपण अस्सल सोल म्हणतो तिचा अर्धा आवाज गोऱ्यांनी वाजवलेला आहे. सोलची मुळं कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहेत, हे निर्विवाद आहे. पण ते वाजवण्या-गाण्याचा अधिकार कातडीवरून ठरवला, तर मूळ रेकॉर्डही त्या कसोटीवर टिकत नाही.

याहून बोलकं उदाहरण बोल्टनच्या त्याच अल्बममध्ये आहे. त्यात ‘लव्ह इज अ वंडरफुल थिंग’ नावाचं एक नवं गाणं होतं, बोल्टन आणि अँड्र्यू गोल्डमार्क यांच्या नावावर. आइझ्ली ब्रदर्स या कृष्णवर्णीय गटाचं याच नावाचं एक गाणं 1966 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यांनी दावा लावला. 1994 मध्ये ज्युरीने नक्कल झाल्याचा निर्णय दिला आणि 54 लाख डॉलरची भरपाई ठरली. बोल्टनने नक्कल केल्याचं कायम नाकारलं, पण 2000 मध्ये अपिलातही तो निकाल टिकला आणि 2001 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालायला नकार दिला. एकाच अल्बममध्ये, एकाच गायकाने, 1966 च्या दोन सोल गाण्यांशी संबंध जोडला. एकाचा स्रोत त्याने उघडपणे छापला आणि ठरलेला दर भरला. त्याबद्दल कुणी न्यायालयात गेलं नाही. दुसरं स्वतःचं म्हणून दिलं आणि त्यात तो अडकला. कव्हर गाणारा ‘हे दुसऱ्याचं आहे’ असं पहिल्या सुरापासून सांगत असतो, म्हणूनच मी त्याला सरळ मार्ग म्हटलं.

6. मग स्लेजला काय मिळायला हवं होतं?

बोल्टनच्या विक्रीतला वाटा पहिल्या गायकालाही मिळावा, असं कुणी सुचवेल. मला ते पटत नाही. एखादं गाणं पहिल्यांदा गायलं म्हणून ते पुढे गाणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे घ्यायचा हक्क दिला, तर गाण्याच्या ढंगावरच मालकी बसेल. मग स्लेजलाही चर्चमधल्या आपल्या पूर्वसुरींचं देणं लागलं असतं, आणि हा हिशेब कधीच संपला नसता. पण स्लेजची स्वतःची रेकॉर्ड जेव्हा वाजते, तेव्हा त्याचा हक्क स्वच्छ आहे, कारण तेव्हा नकाशा नव्हे, त्याने बांधलेलं घर वापरलं जातं. कव्हर गाजलं की मूळ गाणंही पुन्हा वाजू लागतं. न्याय्य व्यवस्थेत बोल्टनच्या यशाचा लाभ स्लेजला या वाटेने मिळाला असता.

यावर ‘गायकाला एकदा पैसे दिले की विषय संपला’ हे उत्तर मराठी वाचकाला चांगलं ओळखीचं आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली तेव्हा मोहम्मद रफी यांची भूमिका नेमकी हीच होती आणि त्यावरून दोघांनी काही काळ एकत्र गाणं बंद केलं. रफींच्या भूमिकेत औदार्य होतं, पण ती फक्त त्या दिवसाच्या मेहनतीचा विचार करते. रेकॉर्ड मात्र पुढची पन्नास वर्षं कमावत राहते, आणि त्या कमाईचं कारण तो आवाजच असतो. भारतात कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने हे मान्य केलं : सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास गायकाला रॉयल्टीचा हक्क मिळाला. 1980 च्या दशकात जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेट्सनी आपला बाजार भरून टाकला होता. त्याच दुरुस्तीमुळे आता पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं गेल्याशिवाय असं कव्हर करता येत नाही.

अमेरिकेत मात्र ही दुरुस्ती अर्धवट राहिली. 1995 च्या कायद्याने इंटरनेटसारख्या डिजिटल प्रसारणासाठी गायकांना हक्क दिला, पण 15 फेब्रुवारी 1972 पूर्वीची ध्वनिमुद्रणं केंद्रीय कायद्याच्या बाहेर होती. सोलचा सारा सुवर्णकाळ त्या तारखेच्या मागे येतो. ही त्रुटी 2018 मध्ये दूर झाली. पर्सी स्लेज त्याआधीच, 14 एप्रिल 2015 रोजी, लुईझियानात वारला. नेहमीच्या रेडिओ केंद्रांनी गायकांना पैसे द्यावेत यासाठीची विधेयकं अमेरिकी संसदेत पुनःपुन्हा मांडली गेली आहेत. रेडिओ कंपन्यांचं म्हणणं असं की गाणं वाजवून आम्ही गायकाची फुकट जाहिरात करतो. ज्या गाण्याला साठेक वर्षं झाली त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही, आणि रचनाकाराला तो कधी लावलाही गेला नाही. असं विधेयक मंजूर व्हायला हवं.

दोन्ही रेकॉर्ड आज सहज ऐकायला मिळतात. बोल्टनची ऐका, ती ऐकण्यात गैर काही नाही. पण त्याच बैठकीत स्लेजचीही लावा, कारण डिजिटल माध्यमावर ती वाजते तेव्हा त्याच्या वारसांच्या नावे आता काही जमा होण्याची तरी सोय आहे.